तहात दिलेली लेक

पार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती खरी का खोटी हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही. तेव्हा निमूट ऐका.

दूर उत्तरेला, जिथे थंडीत नद्या गोठतात, तिथे एक राजा राज्य करत होता. राज्य छोटंसं, पण मिठाच्या खाणी मोठ्या. त्यामुळे नदीपलीकडच्या बलाढ्य राजाचा त्यांच्यावर डोळा होता.

राजाला एकच मुलगी. तिचं नाव ओडिला. गोष्टीतल्या राजकन्या असतात तशी ती काही लावण्यवती नव्हती. नाक जरा मोठंच होतं. पण बडबडी अशी, की तिच्यापुढे राणीला दिवसभर दुसरं काही ऐकूच यायचं नाही. आणि राणीला ते मनापासून आवडायचं.

ओडिला लग्नाची झाली तसा राजाने तह ठरवला. मुलगी पलीकडच्या राजपुत्राला द्यायची, आणि पलीकडच्या सैन्याने नदी ओलांडायची नाही.

त्या मुलखात राजकन्या सासरी सोपवायची एक रीत होती. नदीवरच्या पुलाच्या मध्यावर तंबू ठोकायचे. तिथे मुलीने माहेरचे कपडे उतरवायचे, सासरचे घालायचे आणि नवं नाव घ्यायचं. नाव काय, आपल्याकडेही बदलतात म्हणा. पण ओडिलाच्या बापाचं तेवढ्याने समाधान होईना. मुलगी हेर म्हणून पाठवली, असा पलीकडच्यांना संशय नको, म्हणून त्याने आपण होऊन तहात एक कलम घातलं. मुलीने माहेरची भाषा पुन्हा तोंडातून काढायची नाही. दासीशी नाही, नवऱ्याशी नाही, पोटच्या पोराशीही नाही. पलीकडच्यांनी हे मागितलंसुद्धा नव्हतं. पण शहाण्याला शहाणपण मिरवायची हौस असते ना, त्याला कोण काय करणार.

राणी हात जोडून म्हणाली, निदान एक म्हातारी दासी तरी सोबत द्या, पोर बोलेल तरी कुणाशी. राजा म्हणाला, "द्यायचं तर पुरतं द्यावं. अर्धवट दिलेल्या मुलीवर कोणी राज्य घ्यायचं सोडत नाही."

मग काय, दिली पुरती.

सासर तसं वाईट नव्हतं. नवरा मारकुटा नव्हता, सासूही जेवढ्यास तेवढी. पण सुरुवातीची काही वर्षं ओडिला जवळजवळ मुकीच होती. तिकडची भाषा येईना, आणि येत होती ती बोलायची नाही. तिला मुलगा झाला. त्याला झोपवताना आईची अंगाईगीतं ओठापर्यंत यायची आणि ती तिथेच गिळून टाकायची. मुलाला वाटायचं, आपली आई नुसती गुणगुणते.

तिला एकच आस होती. एकदा जाऊन आईला भेटायचं. बस, बाकी काही नको.

पुढे एकदा कातडी विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून कळलं की राणी अंथरुणाला खिळली आहे. ओडिला नवऱ्याच्या पाया पडली. तो चांगला माणूस होता. म्हणाला, जा, आठवडाभर राहा, तुझ्या आईशी तुझ्या भाषेत बोल; मी ते कलम तेवढ्यापुरतं विसरतो. स्वतःची गाडी दिली त्याने.

गाडी पुलावर आली आणि पुढचा दरवाजा बंद. सासरचा नव्हे हो, माहेरचा! राजाने पहारेकऱ्यांना बजावून ठेवलं होतं. दिलेली मुलगी परत येताना दिसली तर तह कच्चा आहे असं लोक म्हणतील, असं त्याचं म्हणणं. ओडिला दिवस मावळेपर्यंत त्या दरवाजापुढे बसून राहिली. मग गाडीवानच म्हणाला, बाईसाहेब, घोडे गारठतील. तशी ती फिरली.

त्याच थंडीत राणी गेली. अरे, मरणाऱ्या बाईने शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावले होते, आणि ह्या माणसाला तहाची पडली होती! चीड येते मला ही गोष्ट सांगताना, अजून येते.

वर्षं गेली. ओडिलाचा नवरा वारला आणि मुलगा गादीवर बसला. ज्याच्याशी तह झाला तो सासराही केव्हाच गेला होता. तरण्या राजाला मिठाच्या खाणी दिसत होत्या, तह दिसत नव्हता.

इकडे सेनापतीने म्हाताऱ्या राजाला परोपरीने सांगितलं की तट दुरुस्त करा, माणसं भरती करा. राजा हसला. म्हणाला, "नातू आहे तो माझा. माझ्या रक्ताचा. आणि आई बसली आहे ना तिथे, ती कशी येऊ देईल त्याला?" तट तसाच ढासळलेला राहिला.

स्वारीच्या आदल्या दिवशी तरणा राजा आईकडे आला. पोरगा आडदांड होता, पण आईला मानायचा. त्याने विचारलं, "आई, तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. तिथे तुझं कोणी आहे का?"

ओडिला म्हणाली, "आई होती."

एवढंच. होती म्हणाली, हे मुलाने ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सैन्य पूल ओलांडून गेलं.

लढाई म्हणावी अशी झालीच नाही. दुपारपर्यंत राजवाडा पडला. मागून ओडिलाची गाडी आली. ह्या खेपेला दरवाजा सताड उघडा होता. म्हातारा राजा पायऱ्यांवर उभा होता, मुकुट नाही, अंगात साधा डगला. तिला पाहून त्याचा चेहरा फुलला. हात पसरून तो भडाभडा बोलू लागला.

ओडिलाने ऐकून घेतलं. मग तिथल्या राजवाड्यातल्या दुभाष्याकडे वळून सासरच्या भाषेत विचारलं, "हे काय म्हणताहेत?"

आणि ती नाटक करत नव्हती बरं का. तिला खरंच कळलं नव्हतं.

दुभाषी म्हणाला, "म्हणताहेत, पोरी, तूच आता सांग त्याला, मी तुझा बाप आहे."

तिने राणीला कुठे पुरलं आहे, एवढं विचारून घेतलं आणि एकटीच तिकडे गेली. थडग्याशी बसली. इतक्या वर्षांचं आईला सांगायचं साठलं होतं. पण तोंड उघडलं तर आईच्या भाषेतला एक शब्द सापडेना. बोलावं तर परकी भाषा, आणि ती आईला कुठली कळायला. काही न बोलता ती उठून आली.

म्हातारा राजा पुढे नदीपलीकडे, नातवाच्या राज्यात नजरकैदेत जगला. जेवायला मिळायचं, पांघरायला मिळायचं. त्याची भाषा समजणारं तिथे कोणी नव्हतं.

म्हणून ध्यानात ठेवा: लेकीला तहातलं कलम करून जो देतो, त्याच्या संकटात कलम मोडून जातं आणि लेक आधीच गेलेली असते.