उरलेलं लॉक

घाटमाथ्यावरच्या एका गावात येसू पांचाळ नावाचा कारागीर होता. पंचक्रोशीतली शिलाई मशीनं तोच दुरुस्त करायचा. मशीन जोडून झालं की हटकून एखादा स्क्रू उरायचा. येसू तो डब्यात टाकायचा आणि म्हणायचा, "कंपनीनं ज्यादाच घातला हुता." मशीन चालायचं, त्यामुळे कुणी काही बोलायचं नाही. डबा मात्र निम्म्याच्या वर भरला होता.

त्याच गावात मालनताई नावाच्या नर्सबाई होत्या. घाटाखालच्या तीन वाड्यांवरच्या बाळांना लस टोचायला त्या वडिलांच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलवरून जायच्या. एके दिवशी तिचं इंजिन जाम झालं. तालुक्याच्या मिस्त्र्यांनी हात झटकले. असली जुनी इंजिनं आता कोण खोलत बसणार? ताई लसींची पेटी खांद्याला लावून पायी घाट उतरू लागल्या. येसूला ते बघवेना.

"ताई, मी जोडतो," तो म्हणाला. इंजिन त्याने जन्मात खोललं नव्हतं.

पण गडी मन लावून कामाला लागला. अंगणात वर्तमानपत्र अंथरून त्याने एकेक भाग ओळीने मांडला आणि कागदावर पेन्सिलीने खुणा केल्या. नवा पिस्टन आणला, रिंगा आणल्या, सिलिंडरही नवा आणला. पाचव्या दिवशी सकाळी जोडणी सुरू झाली. पिस्टनमधून एक आडवी पिन जाते. ती सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेचं एकेक बारीक लॉक बसवतात. येसूने एका बाजूचं लॉक बसवलं आणि तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर चार माणसं आली आणि पोटभर कौतुकही आलं. खुशीतच येसूने वर सिलिंडर चढवला आणि त्याचं झाकण, म्हणजे हेड, आवळलं.

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. निळा धूर निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालनताईंनी पेटी मागे बांधली आणि त्या गाडीवर बसल्या. येसूने हात पुसायला फडकं झटकलं, तर त्यातून एक लॉक टुणकन खाली पडलं.

पिनच्या दुसऱ्या टोकाचं लॉक बसवायचं राहूनच गेलं होतं.

शेजारच्या दत्तोबांनीही ते पाहिलं. "आरं, टाक की डब्यात! कंपनीनं ज्यादा दिलं असंल!" ते म्हणाले आणि सगळे खो खो हसले.

येसूलाही हसून वेळ मारून नेता आली असती. गाडी तर झकास चालत होती. पण त्याला घाटाची वळणं दिसायला लागली. पिन सरकून अडकली तर इंजिन जागीच जाम होणार, मागचं चाक थांबणार आणि ताई दरीत जाणार. हे त्या अंगणात त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ताई, गाडी बंद करा. उतरा खाली. माझी चूक झालीया."

हसणं थांबलं. येसूने सगळ्यांसमोर इंजिन पुन्हा खोललं. पिन एका बाजूला सरकली होती आणि नव्याकोऱ्या सिलिंडरवर बारीक ओरखडा उठला होता. ताईंना दिसला नसता, त्याने बोट ठेवून दाखवला. शरमेने त्याचे कान तापले होते.

"पॉलिश पेपर मारला की निघंल हे. पर माझा भरवसा धरू नका. दुसरा मिस्त्री बघा."

मालनताईंनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग गाडीला बांधलेली पेटी सोडून पुन्हा खांद्याला लावली.

"दुसऱ्या मिस्त्र्यानं मला हा ओरखडा दाखवला असता का?" त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस मी चालत जाते. गाडी तूच जोड, येसूदादा. उद्या मी तिच्यावरूनच घाट उतरणार आहे."

तात्पर्य: चूक कुणाच्याही हातून होते, पण ती झाकायची सोय असतानाही जो उघडी करून दाखवतो, त्याच्याच हाती लोक आपला जीव सोपवतात.