हैबतीची कबुली

जावळगड संस्थानाच्या पागेत हैबती मोतद्दार घोडी शिकवायचा आणि सांभाळायचा. हरणी नावाची घोडी तर त्यानं शिंगरू असल्यापासून वाढवलेली. एकदा सरदार भुजंगराव पैज लावून तिच्यावर बसले. हैबती हात जोडून म्हणाला, "सरकार, वाटेत दोनदा उतरा, जीन सैल करा. अंग निवल्याशिवाय पोटभर पाणी पाजू नका."

"घोड्यांचं तू मला शिकवणार?" असं म्हणून सरदारांनी टाच मारली. वीस कोस ते कुठंच थांबले नाहीत. परतताना हरणी वेशीतच कोसळली आणि हैबतीच्या मांडीवर डोकं ठेवून मेली.

आपल्यावर बोल येऊ नये म्हणून सरदार थेट राणीसाहेबांकडे गेले. "या माणसानं घोडी नीट तयारच केली नव्हती. हाकलून द्या त्याला."

राणीसाहेबांनी विचारलं, "हैबती, खरं आहे हे?"

"खरं आहे, आईसाहेब." हैबती म्हणाला. "चूक माझीच. बसणाऱ्याचा प्रत्येक हुकूम पाळायचा, एवढंच मी तिला शिकवलं. बसणाऱ्याला अक्कल नसेल तर त्याला पाडून घरी कसं यायचं, ते शिकवायचं राहून गेलं."

सरदारांची मान खाली गेली. राणीसाहेबांनी त्यांना त्याच दिवशी पागेत यायला बंदी केली आणि हैबतीला नवं शिंगरू देऊ केलं.

"आत्ता नको, आईसाहेब," तो म्हणाला. "आधी तिला पुरून येतो."