जुना समूह नष्ट होईल

"नुसतं नाव बदलायचं, तर जुन्याला मारायचं कशाला, महाराज?"

हेरंब टिकेकर धापा टाकत विचारत होता. स्वामी शिवबोध ओसरीवर परातीत तांदळाची उकड मळत बसले होते. उद्या हेरंबची संन्यासदीक्षा होती.

मठाच्या दवाखान्याचे तीन सर्व्हर एका समूहात चालत. त्या समूहाला 'गुरुप्रसाद' नाव द्यावं, अशी विश्वस्तांना हौस आली. संसार सोडण्यापूर्वी एवढं पुण्य पदरात पाडावं म्हणून हेरंबने, चहा निवायच्या आत करतो, असं सांगून टाकलं. मांडणीच्या फाइलमध्ये एक ओळ बदलायची. बाकीचं सॉफ्टवेअर बघतं.

सॉफ्टवेअरने बघितलं. पडद्यावर उमटलं : जुना समूह नष्ट होईल. नवा, रिकामा, उभा राहील. मंजूर असल्यास 'हो' लिहा.

जुन्यात साऱ्या रोग्यांची माहिती होती, कुणाला कोणतं इंजेक्शन सोसत नाही इथपर्यंत. तिची प्रतही होती. हेरंबने ती त्याच समूहात जपून ठेवली होती.

"लिहिलंस 'हो'?"

"बोट उचललं होतं..."

"नाही म्हण. दवाखान्याला जुनं नाव पुरे."

हेरंबने श्वास सोडला. मग त्याची नजर परातीत गेली. उकडीशेजारी काळे तीळ होते.

"हे पिंड कुणाचे?"

"तुझे. दीक्षेआधीचं श्राद्ध आज आहे ना."

संन्याशाने आधी स्वतःचं श्राद्ध करायचं असतं, हे हेरंबला ठाऊक होतं. मठात येणाऱ्या पाहुण्यांपुढे त्याने त्यावर प्रवचनंही झोडली होती. आता मात्र तो परातीपासून जरा मागे सरला.

"पडद्यावर ते वाक्य वाचलं, महाराज, आणि धावत तुमच्याकडे आलो."

"तेच वाक्य मी तुला चैत्रात, दीक्षा ठरली तेव्हा, सांगितलं होतं. तेव्हा तू पेढे वाटलेस."

हेरंब हसायला गेला. जमलं नाही.

आता तुला हाक काय मारायची रे, असं आईने सकाळीच फोनवर विचारलं होतं. दीक्षा बघायला ती उद्या पहाटेच्या गाडीने निघणार होती. त्याने थट्टेवारी नेलं होतं.

"महाराज... उद्या माझी आई येणार आहे."

स्वामींनी पहिला पिंड वळला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. तो अजून ऊन होता.

"कुणाची?"