हात आधी, चुडा मागून

आपल्या पणज्या परकर नेसून झोके घेत होत्या, त्या फार जुन्या काळातली ही हकिकत. तेव्हा वेळूच्या वाडीत भिवरा नावाची एक कासारीण राहायची. डोईवर बांगड्यांची पाटी घेऊन ती गावोगाव फिरे. तिच्या हातून भरताना कधी एक बांगडी वाढली नाही, असं म्हणतात. वाढली म्हणजे फुटली; पण बांगडीला फुटली म्हणायचं नसतं. कासाराच्या घरी हाच नियम पहिला शिकवतात. दुखणं, मरण, गेलं, संपलं, असले शब्द उंबऱ्याबाहेर ठेवायचे आणि मग बाईचा हात हातात घ्यायचा. भिवरानं हा नियम एकदा नको तिथं पाळला, त्याची ही गोष्ट.

वाडीत हौसा नावाची तिची जिवाभावाची मैत्रीण होती. हौसाच्या लेकीचं लग्न निघालं. मांडवात आधी नवरीला चुडा भरायचा, मग नवरीच्या आईला. भिवरानं नवरीचा भरला आणि हौसाचा हात तेल लावून मळायला घेतला. मळता मळता ती थबकली. तळहात मखमलीसारखा जाड लागत होता आणि त्यावरच्या रेषा नांगरल्यासारख्या खोल गेल्या होत्या.

"जात्यानं राकट झालाय बघ," हौसा आपणच हसत म्हणाली. "आन् मान बघ. शिकेकाईनं घासून घासून सालटं निघालं, तरी काळं जात न्हाय. जाऊबाई म्हणत्यात, लेकीच्या लग्नात तरी अंघोळ कर."

मांडवातल्या बायका हसल्या. भिवराला हसू आलं नाही. जात्याचे घट्टे एका जागी उठतात, हे तिला ठाऊक होतं. असा हात तिनं याआधी एकदाच पाहिला होता, नदीपलीकडच्या एका सुतारणीचा. पुढच्या नागपंचमीला ती सुतारीण बांगड्या भरायला आलीच नाही. तिच्या पोटात गाठ होती, असं सासूनं सांगितलं.

आता एका हातावरून काय कळतं? भिवराला तरी नक्की कुठं कळलं होतं? नुसती भीती वाटली होती. पोट दुखतं का, अन्न जातं का, एवढंच विचारायचं होतं. पण हातात हिरवा चुडा, वर मांडव आणि शेजारी हळदीची नवरी. तिनं शब्द गिळला आणि "जन्मसावित्री हो" म्हणून चुडा भरला.

लग्न होऊन जाऊ दे, मग विचारू, असं तिनं ठरवलं. लग्न झालं. मग लेकीचं मांडवपरतणं आलं, नागपंचमी आली, गौरी आल्या. दर वेळी बांगड्या आणि दर वेळी शुभाचा दिवस. शुभ दिवसांना आपल्याकडे काय तोटा? पाटी घरी ठेवून मैत्रिणीच्या ओट्यावर नुसतं जाऊन बसायला तिला सवड झाली नाही, की धीर झाला नाही, देव जाणे.

दिवाळीपर्यंत हौसा वाळून काडी झाली. घास खाली उतरेना. तेव्हा भिवरानंच गाडी जुंपायला लावली आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं पोट चाचपलं, मान पाहिली, तळहात उलटे करून पाहिले.

"हातांनी कधीचं सांगितलं होतं, बाई," तो म्हणाला. "गाठ लहान होती तेव्हा आणलं असतं, तर कदाचित काढता आली असती."

परतताना गाडीत हौसानं विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"भ्या वाटलं हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"चुडा भरत हुते गं."

"चुड्यापायी गप ऱ्हायलीस व्हय," हौसा म्हणाली. रागावली नाही, आणि तेच भिवराला फार जड गेलं.

संक्रांतीच्या आत हौसा गेली. सवाष्ण गेली, म्हणून तिला हिरवा चुडा भरायला भिवरालाच बोलावलं. असं म्हणतात, त्या दिवशी एकही बांगडी चढेना. तेल लावलं, पाणी लावलं, हात तर काटकी झालेला, तरी बांगडी बोटांच्या पेरापाशी अडे. शेवटी भिवरा हौसाच्या कानाशी वाकली. पोट दुखतं का गं, जेवण जातं का, रात्री झोप लागते का, असं विचारायचं राहिलेलं सगळं तिनं एकेक करून विचारलं. तेव्हा कुठं बांगड्या चढल्या. खरं-खोटं त्या वेळी तिथं असलेल्यांना ठाऊक, पण सांगणारे असंच सांगतात.

त्यानंतर भिवरा कुठंही गेली, की पाटीचं फडकं सोडायच्या आधी बाईचा तळहात बघायची आणि तोंडावर विचारायची. बायका संतापल्या. काहींनी तिला अवदसा म्हणून दारातून हाकललं. एकदा तिनं पाटलाच्या सुनेला गाडीनं तालुक्याला धाडलं आणि सून धडधाकट निघाली. गाव पोट धरून हसलं. भिवरा म्हणाली, "हसू द्या. ती बी हसतीया न्हवं?"

पुढं ती आंधळी झाली, तरी नुसत्या चाचपण्यानं तिला हात कळायचा आणि नदीकाठच्या गावांहून बायका गाड्या जुंपून यायच्या, असं म्हणतात. तिच्यामुळं पुष्कळजणी वेळेवर दवाखान्यात पोचल्या आणि वाचल्या, असंही म्हणतात. ती स्वतः मात्र वाचलेल्यांची नावं कधी घेत नसे. कुणी कौतुक केलं, की उठून आत जायची.

वेळूच्या वाडीत आजही लग्नाचा चुडा भरायला बसलं, की कासारीण आधी नवरीच्या आईचे हात उताणे करून बघते. मान बघते. तेवढ्यापुरती वाजंत्री थांबवतात. मग ती भरमांडवात मोठ्यानं विचारते, पोट दुखतं का बाई, जेवण जातं का? त्या बाईनं खरं तेच सांगायचं असतं, आणि शुभाचा दिवस आहे म्हणून कुणी तिला गप्प करायचं नसतं. बाहेरगावच्या वऱ्हाडाला हे विचित्र वाटतं. मांडवात हे असलं कशाला, असं कुणीतरी विचारतंच.

मग वाडीतली एखादी म्हातारी सांगते, "हौसाला इचारायचं ऱ्हायलं हुतं."