हार घातलेला प्रीअँप

"सूनबाईच्या बापाचा तो डबा भंगारात द्या. तिला आवाजातलं काय कळतंय!" काकासासऱ्यांचं बोलणं शाल्मलीनं स्वयंपाकघरात ऐकलं. डबा म्हणजे बाबांनी स्वतः जोडून तिला लग्नात दिलेला, स्टिरिओचा आवाज स्पीकरकडे जाण्याआधी वाढवणारा प्रीअँप.

जाणकार म्हणून मिरवणाऱ्या काकांनी नवा प्रीअँप निवडला होता. त्याची पूजा झाली, हार पडला, लाल दिवा लागला. नवऱ्यानं, सारंगनं, बासरी लावली. काका डोळे मिटून डोलू लागले.

"वा! याला म्हणतात आवाज! डब्यातून नुसती खरखर यायची."

चहा ठेवताना शाल्मलीनं स्टिरिओच्या कपाटामागे पाहिलं.

"काका, मग आत्ता वाजतोय तोच ठेवायचा ना?"

"अर्थात! दुसरा आजच भंगारात!"

"मग हार तेवढा काढून घेते. पूजेच्या गडबडीत वायरी बाबांच्या डब्यालाच राहिल्यात."