एक अंगावर, एक दोरीवर

“माणूस गेल्यावर त्याचे कपडे कोणाचे, भंतेजी?”

भंते शीलपाल विहाराच्या ओट्यावर बसून आपलं अंगावर पांघरायचं चीवर शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी पाणी पी.”

“पाणी नको. संध्याकाळची गाडी आहे.”

“रविवारच्या वर्गातही तू असाच होतास, प्रीतम. प्रश्न विचारायचास आणि उत्तर यायच्या आधी उठून जायचास.”

मी बसलो. दादाची चाकांची बॅग उन्हातून ओढत आणली होती. तिचं एक चाक मोडलंय. आख्ख्या वरोऱ्याने ती खरखर ऐकली असेल.

सुगतदादा हिवाळ्यात गेला. पहाटे छातीत दुखलं आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपलं. जाण्याआधी त्याने मैत्रीला, त्याच्या लेकीला, कबूल केलं होतं की उन्हाळ्यात तुला विशाखापट्टणमचा समुद्र दाखवीन. तिकिटं वहिनीने काढली. म्हणाली, त्यांनी शब्द दिलाय, आपण जाऊ.

घरात आता पुरुष मी एकटाच. म्हणून बॅग मी भरली.

आईने ती उघडून पाहिली आणि खाली बसली. मग म्हणाली, हा बोजा गाडीत चढणार असेल तर तू घरीच राहा. मी ओरडलो, राहतो. वहिनी डबा बांधत राहिली. मैत्री मात्र नवी टोपी घालून दारात उभी होती. तिने विचारलं, काका, तू नाही आलास तर मला पाण्यात कोण नेणार? तिला लाटांची भीती वाटते. फोनवर बघूनच वाटते.

मी बॅग उचलली आणि इथे आलो. आई भंतेजींचा शब्द मोडत नाही.

“आईला सांगा,” मी म्हणालो. “बॅग येईल म्हणून सांगा.”

भंतेजींनी दोरा दाताने तोडला.

“उघड.”

मी चेन ओढली. दादाचे पांढरे शर्ट, आकाशी शर्ट, खाकी पँट, निळी पँट, लुंगी, बनियन, वरातीत घातलेला कुर्ता, चपलासुद्धा. दादा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनीने हे सगळं दान द्यायला काढलं होतं. मी मांडवातून गाठोडं हिसकून नेलं होतं. सगळ्यांच्या देखत. भंतेजीही तिथे होते.

“एवढे कपडे घेऊन लोक लग्नाला जातात,” ते म्हणाले.

मला हसू आलं नाही.

“हे तू घालणार?”

“नाही. कोणीच घालायचे नाहीत. नुसते सोबत येतील.”

“आणि तुझे?”

“मला काय लागतं. अंगावर आहेत ते.”

“समुद्रावर घामाने भिजशील. बदलायला?”

मी दादाच्या कुर्त्याची घडी नीट केली.

“सुगत कशी भरायचा बॅग?”

हे त्यांनी विचारायला नको होतं. दर उन्हाळ्यात घरातल्या पुरुषांची बॅग दादाच भरायचा. एकच बॅग, तीही अर्धी रिकामी. फिकट सुती शर्ट घ्यायचा. कोणत्याही शर्टावर चालेल अशी एकच पँट. एक लुंगी. ती टॉवेल व्हायची, रात्री चादर व्हायची, दुपारी डोक्यावर सावली व्हायची. मी जास्त कपडे काढले की परत कपाटात टाकायचा. म्हणायचा, उन्हाळ्यात माणसाला दोन शर्ट पुरतात, एक अंगावर, एक दोरीवर.

हे सगळं मी त्यांना सांगितलं.

भंतेजींनी अंगणातल्या दोरीकडे पाहिलं. तिथे त्यांचं दुसरं चीवर वाळत होतं.

“हुशार होता,” ते म्हणाले.

“होता म्हणू नका.”

त्यांनी सुईत नवा दोरा ओवला.

“तुमचं बरं आहे, भंतेजी. तुम्हाला ना भाऊ, ना बॅग.”

शब्द तोंडातून गेला आणि मग मला ऐकू आला. भंतेजींनी सुई कापडात खोचली. चीवराची घडी घालून बाजूला ठेवली. मग बॅगेच्या कोपऱ्यातल्या पिशवीवर बोट ठेवलं. प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला घट्ट गाठ.

“यात काय?”

“त्याला हात लावू नका.”

त्यांनी हात मागे घेतला.

“आदल्या दिवशी घातलेला शर्ट आहे,” मी म्हणालो. “खुंटीवर होता. वहिनी धुवायला नेत होती. मी नेऊ दिला नाही. त्यात त्याचा वास आहे.”

“घेतोस कधी?”

“काय?”

“वास.”

“नाही. संपेल म्हणून गाठ सोडली नाही.”

“एकदाही?”

“एकदाही.”

“मग कोणासाठी ठेवलास?”

मला राग आला. काय करतोय हे कळायच्या आत मी गाठीला नख लावलं. गाठ सुटेना, तेव्हा पिशवी दातांनी फाडली. शर्ट दोन्ही हातांनी तोंडावर दाबला आणि श्वास ओढला.

प्लॅस्टिकचा वास. कुबट. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीसारखा.

पुन्हा ओढला. कॉलरशी ओढला, काखेशी ओढला.

दादा नव्हता.

शर्ट मांडीवर पडला होता. भंतेजींनी तो उचलला, उठले आणि अंगणातल्या नळाकडे गेले. आधी मला समजलंच नाही. नळ सुटल्याचा आवाज आला तेव्हा मी धावलो.

“नका, भंतेजी.”

ते दगडापाशी उकिडवे बसले होते. आमच्याकडे भंतेजी आले की आई त्यांच्या पायांवर डोकं ठेवते. ते भंतेजी माझ्या भावाच्या कॉलरला साबण लावत होते.

माझा हात वर गेला. त्यांच्यावर उगारला होता की शर्ट ओढायला, मला अजून ठाऊक नाही. त्यांनी तो पाहिला. साबण लावणं थांबवलं नाही.

हात आपोआप खाली आला.

ते सावकाश घासत होते. आधी कॉलर, मग बाह्या, मग बटणांची पट्टी. छातीच्या खिशाशी आले तेव्हा घासणं सोडलं आणि नुसतं बोटांनी चोळलं. पाणी पिवळसर झालं. दगडावरून वाहत कडुनिंबाच्या आळ्यात गेलं. मी ते आळ्यात मुरेपर्यंत पाहिलं.

मग मी रडलो. दवाखान्यात रडलो नव्हतो, मांडवातही नव्हतो.

भंतेजींनी शर्ट पिळला, एकदा जोरात झटकला. थेंब माझ्या तोंडावर उडाले. ते आता शर्ट दोरीवर टाकतील म्हणून मी बाजूला झालो. पण त्यांनी दोरी ओलांडली आणि ओट्यावर आले. बॅगेतून दुसरा एक शर्ट काढला, खाकी पँट काढली, लुंगी काढली. तिन्ही आपल्या झोळीत घातली आणि झोळी माझ्या खांद्याला अडकवली. भरलेली बॅग पायाने सरकवून विहाराच्या दारामागे लावली.

“आईने विचारलं तर?”

“इथे आहे म्हण. दान द्यायचं मन होईल त्या दिवशी ये. नाही झालं तरी ये.”

रस्त्यावर रिक्षा थांबली. मैत्रीची टोपी दिसली. शेजारी वहिनी, पुढे आई. मला शोधत आल्या होत्या. आईने मला पाहिलं, झोळी पाहिली, आणि तोंड फिरवलं नाही.

मैत्री तिथूनच हाका मारू लागली. काका, चल, गाडी जाईल.

भंतेजींनी ओला शर्ट माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. गार होता, जड होता.

“हा वाळला नाही अजून,” मी म्हणालो. “झोळीत ठेवला तर बाकीचेही भिजतील.”

“झोळीत कशाला?”

मी माझा शर्ट काढला. भंतेजींनी दादाच्या शर्टाच्या बाह्या सरळ केल्या, लहान मुलाला घालतात तसा मागून धरला.

“ओलाच घाल,” ते म्हणाले. “वाटेत वाळेल.”