पांढऱ्या मातीचे पट्टे

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी की डोंगरांना अजून कुणी नावं दिली नव्हती आणि जनावरं एकमेकांशी सरळ बोलत होती. अशाच एका डोंगराच्या उतारावर रानडुकरांचा मोठा कळप राहत होता.

डुकरांची गोष्ट म्हटल्यावर काहींनी नाक मुरडलं असेल. खुशाल मुरडा. पण ऐकून घ्या. त्या कळपात एक शाळा होती, आणि त्या शाळेत जे चालायचं ते ऐकून पुष्कळ मोठ्या माणसांना आपापली घरं आठवतील.

रानडुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या तपकिरी अंगावर लांब, पिवळसर पट्टे असतात. वाळल्या गवतात ते दबून बसलं की दोन पावलांवरूनही दिसत नाही. म्हणून शाळेतला पहिला धडा असा होता: धोका आला की काळी पाठ शोधायची आणि तिच्यामागे पळायचं. काळी पाठ दिसली नाही तर जागच्या जागी दबायचं, श्वासही हळू घ्यायचा. पुढे पिल्लू वाढतं, पट्टे विरत जातात, अंग काळं होतं. खरं तर तो दिवस आनंदाचा. कालपर्यंत जे दुसऱ्यामागे लपत होतं, ते आजपासून कुणासाठी तरी काळी पाठ झालेलं असतं.

पण या कळपातल्या थोरांना हे पटत नव्हतं. शाळेत यायचं तर अंगावर पट्टे हवेत, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ज्यांचे पट्टे गेले त्यांनी रोज सकाळी ओढ्याकाठच्या पांढऱ्या मातीनं ते पुन्हा ओढून यायचे. का, तर सगळी सारखी दिसतात. शिस्त राहते. कुणाची आयाळ दाट, कुणाची विरळ, हे कळत नाही. खरं कारण वेगळं होतं, आणि ते कुणी बोलत नव्हतं. अंग काळं झालं की पोरं प्रश्न विचारायला लागतात, आणि थोरांना प्रश्नांचा फार त्रास होतो.

आता पांढरी माती भिजली की जाते. म्हणून पहिल्या नियमाच्या पोटी दुसरा नियम जन्माला आला: शाळा सुटेपर्यंत मोठ्या पोरांनी चिखलात लोळायचं नाही. चिखल ही डुकराची चैन नव्हे. त्यानं ऊन लागत नाही, अंगावरची गोचिडं सुटतात. मोठी पोरं दिवसभर उन्हात उभी राहायची आणि कानामागे खाजवत धडे ऐकायची. नियम करणारी मंडळी मात्र टेकाडापलीकडच्या डबक्यात गळ्यापर्यंत चिखलात बसलेली असायची. तिथूनच ती शिस्तीवर बोलायची.

त्या शाळेच्या शेवटच्या वर्गात भोकरी नावाची एक मादी होती. अंगानं भक्कम, नाकानं तिखट. जमिनीखाली कंद कुठे आहे, तो गोड आहे की कडू, हे ती वरूनच सांगायची. आणि तिला शिकायचं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण नियम मोडणाऱ्याला शिकायचंच नसतं असं थोरांना वाटतं.

भोकरीची आई आधीच्या उन्हाळ्यात गेली होती. डुकराचं तोंड स्वतःच्या पाठीपर्यंत पोचत नाही. बाकीच्यांना आया पट्टे ओढून द्यायच्या. उंबरीला तर एक आई कमी पडायची म्हणून की काय, मावश्याही ओढायच्या. ती शाळेच्या मुख्य आजीची नात होती आणि तिचे पट्टे दोरी धरून काढल्यासारखे सरळ असायचे. भोकरी बिचारी ओढ्याच्या दरडीला पाठ घासून यायची. तिच्या पाठीवर जे उमटायचं त्याला पट्टे म्हणणं कठीण होतं. म्हणजे सगळ्यांना सारखं करणाऱ्या त्या नियमानं, आई कुणाला नाही ते मात्र रोज सकाळी सगळ्या शाळेला दाखवून दिलं.

शाळेच्या तोंडाशी, वाकलेल्या ऐनाच्या झाडाखाली सुळ्याकाका उभा असायचा. त्याचा एक सुळा तुटलेला होता, आणि तो वाघाशी झुंजताना तुटला असं तो सांगायचा. पोरांचे पट्टे तपासणं हे त्याचं काम.

“हे काय गं?” तो भोकरीला म्हणाला. “पट्टे की कावळे बसून गेले?”

पोरं हसली. हसणं नियमात बसत होतं.

“काका, माझं तोंड पाठीपर्यंत पोचत नाही.”

“मग कुणाकडून तरी ओढून घ्यावेत.”

“कुणाकडून?”

काकानं तिला उलट बोलू नकोस असं बजावलं आणि शाळेच्या मुख्य आजीपुढे नेलं.

तिला सगळे कानफाटी आजी म्हणत. खऱ्याला खरं म्हणायला हवं, आजीला रान कळायचं. कडक उन्हाळ्यात उतारावरचं पाणी आटलं की कळपाला खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात न्यावं लागे. ती वाट एकट्या आजीला ठाऊक होती. शेवटच्या वर्गाला शेवटचा धडा हाच असायचा, आणि तो एकदाच मिळायचा. ज्याला वाट मिळाली तो पुढे कधीतरी कळप नेऊ शकतो. ज्याला नाही मिळाली तो जन्मभर दुसऱ्याच्या शेपटीकडे बघत चालतो.

आजीनं भोकरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उद्या वाटेचा धडा आहे, म्हणाली. तुझ्यासारखं नाक वर्गात दुसरं नाही हे मलाही कळतं. पण नीट पट्टे नसतील तर तुला वाट मिळणार नाही.

“नाकाचा आणि पट्ट्यांचा काय संबंध, आजी?”

“आम्ही ओढले, तूही ओढायचे,” आजी म्हणाली. एवढंच कारण होतं. एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर उंबरी आली. तोंडात ओली माती घेऊन ती भोकरीमागे उभी राहिली.

“हलू नकोस,” ती म्हणाली. “कालच्या हसण्यात मीही होते. आज पाठ दे इकडे.”

उंबरीनं सरळ, सुंदर पट्टे ओढले. सुळ्याकाकाला ऐनाखाली खोड काढायला काहीच सापडलं नाही, त्यामुळे त्याची सकाळ वाईट गेली. भोकरी आत गेली. वाट आता तिच्यापासून एका दुपारच्या अंतरावर होती.

ऊन चढलं. थोर मंडळी डबक्याकडे निघाली. आम्ही येईपर्यंत पिल्लांवर लक्ष ठेवा, मग वाटेचा धडा, असं आजीनं मोठ्या पोरांना सांगितलं. पिल्लं गवतात खेळू लागली. मोठी पोरं उघड्यावर पट्टे सांभाळत उभी राहिली. भोकरीच्या कानामागे गोचिडं टम्म फुगली होती. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. शाळेमागे झऱ्याचा थोडासा चिखल होता, त्याचा गार वास तिच्या नाकात शिरत होता. तरी ती उभी राहिली. वाट हवी होती तिला.

तेवढ्यात टिकली आली. टिकली म्हणजे त्या वर्षीचं सगळ्यात धाकटं पिल्लू, अंगावर आईनं चाटून लख्ख केलेले खरे पट्टे.

“ताई, तू मोठी आहेस ना?”

“आहे की.”

“मग तुला पट्टे कसे?”

“शाळेसाठी.”

टिकलीनं विचार केला. “मग तू मोठी कधी होणार?”

भोकरीनं आपल्या वर्गाकडे पाहिलं. धिप्पाड अंगं, फुटू घातलेले सुळे, आणि वर बाळांचे पट्टे. एखाद्याला आपलं रूप एकदम दिसावं तसं तिला ते दिसलं. ती शांतपणे झऱ्याकडे चालू लागली.

“अगं, वाट जाईल तुझी,” उंबरी म्हणाली. “एवढ्यासाठी का ओढले मी?”

“तुझ्या रेघेत काही चूक नव्हती गं,” भोकरी म्हणाली. “ते पट्टेच माझे नव्हते.”

आणि ती चिखलात शिरली. रागानं नाही, कुणाला दाखवायला नाही. गमावणार काय हे पक्कं माहीत असून. असं करायला जी छाती लागते ती त्या डबक्यातल्या एकाही थोराकडे नव्हती.

इकडे वरच्या कड्यावर एक बिबट्या बसला होता. पिल्लं त्याला दिसत नव्हती. पण मोठ्या पोरांच्या अंगावरची पांढरी माती उन्हात अशी चमकत होती की शाळा भरलीय हे त्याला लांबूनच कळलं. मोठी पोरं आहेत तिथे लहानही असणार. तो उतरला.

वास आला तशी पिल्लं सावध झाली. पहिला धडा त्यांना पाठ होता. त्यांनी काळी पाठ शोधली. जिकडे पाहावं तिकडे पट्टेच पट्टे. मग ती जागच्या जागी दबली.

आणि मोठी पोरंही दबली. त्यांना दोष देऊ नका. अंगावर पट्टे असले की दबायचं, हेच त्यांना शिकवलं होतं. पण गवत होतं पिल्लांच्या उंचीचं. त्यात ती थोराड अंगं वाळत घातलेल्या धोतरांसारखी लांबून दिसत होती. बिबट्या निवांत पुढे आला. टिकली त्याच्या एका उडीवर होती.

तेव्हा झऱ्याकडून भोकरी आली. चिखलानं निथळणारी, काळीकुट्ट. ती बिबट्या आणि टिकली यांच्या मधोमध उभी राहिली आणि मान खाली घातली. टिकलीला काळी पाठ दिसली. ती सुसाट मागे पळाली, तिच्यामागे बाकीची पिल्लं.

बिबट्या थबकला. पण भोकरी एकटी होती. त्यानं पुढचा पंजा उचलला.

“उंबरे, ऊठ,” भोकरी मान न वळवता म्हणाली. “तुझे पट्टे मातीचे आहेत.”

उंबरी उठली. अंग झाडलं तशी पांढरी धूळ उडाली. खाली काळं, राठ, भक्कम अंग होतं, तिला स्वतःलाही नवं वाटावं असं. ती भोकरीशेजारी उभी राहिली. मग तिसरं पोर उठलं. मग कुणाला हाक मारावी लागली नाही. धुळीचा लोट खाली बसला तेव्हा बिबट्यापुढे काळ्या पाठींची भिंत होती, आणि ती भिंत एक पाऊल पुढे आली. बिबट्यानं पंजा खाली ठेवला, आपण सहज इकडून चाललो होतो असा चेहरा केला आणि कड्याकडे परतला.

आरडाओरडा ऐकून थोर मंडळी धापा टाकत आली.

“पट्टे कुठे गेले सगळ्यांचे?” सुळ्याकाकानं विचारलं. हा त्याचा पहिला प्रश्न होता.

“काका, पिल्लं कुठे आहेत ते विचारा आधी,” भोकरी म्हणाली.

टिकली तिच्या पायांमधून डोकावत होती. कानफाटी आजी खाली वाकली आणि हिच्यामागेच का गेलीस, असं तिनं टिकलीला विचारलं.

“तीच तेवढी मोठी दिसत होती,” टिकली म्हणाली.

आमचं चुकलं, हे शब्द आजीच्या तोंडून आले नाहीत. थोरांच्या तोंडून ते येत नसतात. पण ती खिंडीच्या दिशेला वळली आणि म्हणाली, “भोकरी, पुढे चल. नाकानं सांग, पहिलं वळण कुठलं.”

भोकरीनं हवेत नाक उचललं आणि वळण बरोबर सांगितलं. तिच्यामागून सगळा वर्ग निघाला, काळा, झऱ्याच्या चिखलात वाटेतच एकेक लोळण घेऊन. सुळ्याकाका ऐनाखाली थांबला. पट्टे नकोत असं आपण पहिल्यापासून म्हणत होतो, हे त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या मातीकडे एकही मोठं पोर गेलं नाही. पिल्लांचे पट्टे मात्र तसेच राहिले, आपोआप विरेपर्यंत. आणि पुढे एका करपलेल्या उन्हाळ्यात, आजीचे पाय थकल्यावर, सगळ्या कळपाला खिंडीपार पाण्यावर नेलं ते भोकरीनं. सुळ्याकाकाही त्यात होता, तिच्या शेपटीकडे बघत चालत.

बोध एवढाच: बाळपणाचे पट्टे मोठ्या अंगावर ओढत राहिलात, तर पोरं नुसती वाढतील, मोठी होणार नाहीत.